दोन हंगामांमधली फट

"अरे, पण तिथे तेव्हा सगळं बंद असतं ना? मग जाऊन करणार काय?"

दर ऑक्टोबरात हा प्रश्न मला निदान तीनदा ऐकावा लागतो. एकदा ऑफिसात, एकदा मावसबहिणीकडून फोनवर आणि एकदा घरातून. (घरातून आलेला प्रश्न नसतो, शेरा असतो.) दरवेळी मी काहीतरी पुटपुटतो आणि सायकल घेऊन दावोसची गाडी पकडतो. यंदा म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं. म्हणजे पुढच्या वर्षी नुसतं "वाचा" म्हणून मोकळं होता येईल.

दावोस म्हटलं की आपल्याकडे लोकांना जानेवारीतली ती बडी परिषद आठवते, कोट घातलेले मंत्री आणि मागे बर्फ. एरवी ते साधारण अकरा हजार वस्तीचं गाव आहे, १५६० मीटरवर, एका लांबट दरीत पसरलेलं. झुरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलायची की अडीच तासांत तुम्ही तिथे. हिवाळ्यात स्कीइंग, उन्हाळ्यात चालणारे आणि माउंटन बाइकवाले. दोन्ही गर्दींना वर नेऊन सोडायला चहूबाजूंच्या डोंगरांवर केबल कार, पाळणे आणि दोरावर ओढली जाणारी आगगाडी. या दोन हंगामांच्या मध्ये वर्षातून दोनदा फट पडते. एक वसंतात, बर्फ वितळताना, आणि दुसरी ऑक्टोबराच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरात बर्फ बसेपर्यंत. डोंगरागणिक तारखा थोड्या वेगळ्या, पण लिफ्ट बंद, निम्मी हॉटेलं बंद, भाड्याने सायकली देणारी दुकानं बंद. जर्मनमध्ये याला झ्विशेनसेझोन म्हणतात, म्हणजे मधला हंगाम. आपण याला ऑफ सीझन म्हणून निकालात काढतो. मला त्यांचा शब्द जास्त आवडतो.

मुळात हंगाम ही माणसाने ठरवलेली गोष्ट आहे. फेब्रुवारी १८६५ मध्ये छातीच्या विकाराचे दोन जर्मन रुग्ण भर थंडीत दावोसला येऊन राहिले, तोवर हिवाळ्यात तिथे मुद्दाम कुणी जात नसे. त्या दोघांना बरं वाटलं आणि हिवाळा हा हंगाम झाला. मग होल्सबोअर नावाच्या एका डच माणसाने पुढाकार घेऊन १८९० साली रेल्वे आणली. १९३४ च्या डिसेंबरात बोल्गेनच्या उतारावर झुरिकच्या एका इंजिनिअरची स्की-लिफ्ट सुरू झाली, स्की घातलेल्या माणसाला दोराला टेकवून वर ओढणारी. त्या प्रकारची ती जगातली पहिली. त्याआधी वर जायचं तर स्की खांद्यावर घेऊन चढायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज लिफ्ट बंद दिसली की आपल्याला डोंगरच बंद वाटतो. डोंगराला कुणी कुलूप लावलेलं नसतं.

लिफ्ट बंद ठेवतात ती आळसाने नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. या काळात तिथे कामं चाललेली असतात. दोरांची चुंबकीय तपासणी होते, आतली एखादी तार तुटली असेल तर ती बाहेरून दिसत नाही म्हणून. खुर्च्यांच्या पकडी दोरावर थोड्या पुढे सरकवतात, नाहीतर एकाच जागी दोर झिजतो. अडकलेल्या लोकांना खाली उतरवण्याचा सरावही होतो. एकदा मी खालून सायकल ढकलत जाताना खांबावर बसलेल्या माणसाने मला हात केला होता. मीही केला. अख्ख्या डोंगरावर आम्ही दोघंच होतो आणि दोघंही आपापल्या कामात.

आता मी करतो काय ते सांगतो.

माझी आवडती वाट दावोसहून फिलिझूरला जाते. सकाळी फार लवकर निघण्यात अर्थ नसतो, कारण ऑक्टोबराच्या शेवटी ऊन दरीत उतरायलाच वेळ लागतो आणि सावलीतल्या लाकडी पुलांवर दव गोठलेलं असतं. लांडवासर नदीच्या कडेने फ्राउएनकिर्शपर्यंत सपाट. तिथलं चर्च थांबून बघण्यासारखं आहे. डोंगराकडची त्याची पाठ जहाजाच्या नाळेसारखी टोकदार बांधली आहे, हिमकडा कोसळलाच तर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. देवाच्या घरालाही इथे डोंगराशी तडजोड करावी लागली! पुढे ग्लारिस आणि तिथून मोनश्टाइनची चढण. मोनश्टाइन १६२६ मीटरवर, उन्हाने काळवंडलेल्या लाकडी घरांचं गाव. तिथून खाली दरीत उतरायचं आणि पुन्हा चढून येनिसबर्ग नावाच्या चार घरांच्या वाडीवर यायचं. येनिसबर्गनंतर पाऊलवाट जंगलातून उतरत वीझेनच्या रेल्वेपुलाच्या तोंडाशी आणते. हा पूल १९०९ चा, दगडी, सुमारे ८९ मीटर उंच. किर्शनर या चित्रकाराने त्याचं १९२६ साली चित्र काढलं आहे. रुळांच्या कडेला पायी जाणाऱ्यांसाठी अरुंद वाट आहे, सायकल टेकवून मध्यापर्यंत जाऊन यावं. खाली बघायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी समोर बघतो.

फिलिझूरला पोचलं की लाल रंगाची छोटी गाडी. तासाला एक, सायकलचं वेगळं तिकीट, आणि अर्ध्या तासाच्या आत साडेचारशे मीटर वर चढवून दावोसला परत. म्हणजे लिफ्ट बंद असल्या तरी एक लिफ्ट चालूच असते. ती रेल्वे म्हणून बांधली आणि शाळेची मुलं, दूध, टपाल यांच्यासाठी बाराही महिने धावते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही एवढंच. ऑक्टोबरातल्या त्या डब्यात माझ्या चिखलाच्या सायकलीशेजारी एक आजीबाई कोबीचा गड्डा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जुलैत त्याच डब्यात सायकल टेकवायला जागा नसते.

हे सगळं लिफ्टने सोपं झालं नसतं का? झालं असतं. दावोस डॉर्फहून वाइसफ्लूयोखपर्यंतची पार्सेनबान ११०० मीटर वर नेते, आणि मी तिकीट काढून तिच्यात बसलेलो आहे, मजेत बसलेलो आहे. गंमत म्हणून एकदा हिशेब केला. मी आणि सायकल मिळून ९४ किलो (यातले सायकलचे किती हे विचारू नये). एवढं वजन ११०० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे विजेचं पाव युनिट आणि वर थोडी! एवढ्या विजेत आपला गीझर धड आंघोळीचं पाणीसुद्धा तापवत नाही. पण तेच काम पायांनी करायचं तर शरीर तिप्पट उष्णता वाया घालवतं, त्यामुळे हजारेक कॅलरी लागतात. म्हणजे तीन-चार पुरणपोळ्या, तुपासकट. आणि अडीच-तीन तास.

कष्टाने मिळवलेला उतार गोड लागतो वगैरे जे लोक सांगतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. उतार हा उतार असतो, लिफ्टने चढून केलात तरी वारा तेवढाच लागतो. माझा मुद्दा जास्त व्यवहारी आहे. चढताना तुम्ही डोंगर तपासत जाता. कुठल्या वळणावर ऊन पोचलेलं नाही, कुठे मुळांवर लार्चच्या पिवळ्या सुया पडून घसरगुंडी झाली आहे, गुरांचं कुंपण कुठे वाटेत आडवं लावलं आहे, कुठे एखादं वयस्कर जोडपं कुत्र्याला घेऊन चालतं आहे, हे सगळं तुम्हाला ताशी पाच किलोमीटर वेगाने कळत जातं. मग उतरताना हात आपोआप योग्य जागी ब्रेकवर जातात. केबल कारमधून उतरून थेट खाली सुटणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं, त्याची भिस्त वाट कालच्यासारखीच असेल यावर. भर उन्हाळ्यात, रोज डागडुजी होणाऱ्या बाइक पार्कात ते खपून जातं. ऑक्टोबरात डोंगर रोज बदलतो. तेव्हा लिफ्ट नसणं हे मला सुरक्षिततेच्याच बाजूने वाटतं. हे म्हटलं की माझे सायकलवाले मित्र हसतात. हसोत.

धोका मात्र आहे, तो लपवून नातेवाइकांना बरं वाटावं असं मी लिहिणार नाही. वाटेवर तासन् तास कुणी भेटत नाही. रेगा या हवाई बचाव संस्थेचा १४१४ हा नंबर बारा महिने चालू असतो, पण फोन लागला पाहिजे आणि धुकं नसलं पाहिजे. म्हणून कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता खाली असणार हे मी घरी लिहून ठेवतो. (घरचे लोक हे वाचतात, त्यामुळे इथे खोटं लिहायची सोय नाही.) चार वाजले की डोंगराच्या सावल्या दरीभर पसरतात आणि हवा झपकन थंड होते. जाड हातमोजे, दिवा, एक कोरडा बनियन आणि थर्मासमध्ये चहा. वर चहाची टपरी नाही, आणि उन्हाळ्यात केक विकणारी डोंगरावरची उपाहारगृहं फळ्या ठोकून बंद असतात.

वाटेवर सायकल चालवायची परवानगी असते का, हाही प्रश्न येतो. आल्प्सला एकच उत्तर नाही. दावोस ज्या ग्राउब्युंडेन राज्यात येतं तिथे मनाई नसेल तर पायवाटांवर सायकल चालते, चालणाऱ्याला मान देऊन. ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्याने जंगलात हिंडायची मुभा माणसाच्या पायांना दिली, सायकलला जमीनमालकाची संमती लागते. फ्रान्सच्या शामोनीत जुलै-ऑगस्टात बहुतेक पायवाटा सायकलला बंद असतात, म्हणजे हंगाम ऐन रंगात असतानाच! तिथल्या सायकलवाल्यांना मधल्या हंगामाची महती मी सांगायला नको.

आता माझं खरं मत. हे आमच्या गटातल्या अनेकांना आवडत नाही.

आल्प्समध्ये बऱ्याच ठिकाणी लिफ्टचा उन्हाळी हंगाम दोन्ही टोकांना ताणला जातो आहे. कारण उघड आहे. स्वित्झर्लंड जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने तापलं आहे, खालच्या उतारांवर बर्फाचा भरवसा राहिला नाही, आणि हिवाळ्यावर जगणाऱ्या कंपन्यांना दुसरं गिऱ्हाईक हवं आहे. ते गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. शेजारच्या लेन्झरहाइडेने २०१८ मध्ये माउंटन बाइकची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली, ती काही उगाच नाही. बॅटरीच्या सायकलीने तर लिफ्ट प्रत्येकाच्या पायाखाली आणून ठेवली. इथवर माझी तक्रार नाही. पण "नोव्हेंबरातही चालू ठेवा, आम्ही येऊ" अशी मागणी सायकलवालेच करायला लागतात तेव्हा मला ती पटत नाही.

पहिलं कारण जनावरांचं. सप्टेंबराच्या मध्यापासून ऑक्टोबराच्या मध्यापर्यंत तिथल्या मोठ्या लाल हरणांचा माजाचा काळ असतो. नर संध्याकाळी असे डरकतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाय अडली आहे असं वाटावं. त्याच सप्टेंबरात राज्यातली मुख्य शिकारही असते. माज आणि शिकार दोन्ही संपून बर्फ पडेपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात तेवढ्यात त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. अंधार पडताना हरणं रानातून कुरणात उतरतात. त्याच वेळी डोक्याला झगमगीत दिवा बांधून कुणी वाटेने खाली सुटला तर ती रात्रभर पुन्हा बाहेर येत नाहीत. मी चारच्या आत उतरतो ते निम्मं थंडीसाठी आणि निम्मं यासाठी. मार्मोट तोवर बिळांत झोपी गेलेले असतात आणि नटक्रॅकर हा पांढऱ्या ठिपक्यांचा तपकिरी पक्षी वरच्या पाइनच्या बिया जमिनीत हजारो ठिकाणी पुरून ठेवत असतो. आश्चर्य म्हणजे त्यातल्या बहुतेक जागा त्याला बर्फाखालूनही सापडतात. मला किल्ल्या सापडत नाहीत.

दुसरं कारण गावाचं. ज्या बाईंच्या घरी मी खोली घेतो त्यांचं सगळं आयुष्य दोन हंगामांत पाहुण्यांच्या चादरी बदलण्यात गेलं. त्यांच्या कुटुंबातली लग्नं नोव्हेंबरातली किंवा मे महिन्यातली. घराला रंग, दाताचा डॉक्टर, बहिणीशी भांडण आणि समेट, इटलीच्या समुद्रावर आठवडाभर, सगळं या फटीत. माझ्यासाठी खोली उघडतात ती ओळखीवर, आणि नाश्ता मिळणार नाही हे दरवर्षी न चुकता बजावतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाहुणे नसताना लोक कसे राहतात हे बघायला मिळतं, आणि पाहुणा म्हणून माझी मागणी जितकी कमी तितकं ते टिकेल.

हे मला इतकं का लागतं ते सांगतो. मी लहान असताना लोणावळ्याला पावसाळ्यात जाणं हा वेडेपणा समजत असत, आणि आम्ही तो करत असू. ढगात बुडालेले रस्ते, बंद बंगले, चिक्कीच्या दुकानात एक माणूस पेंगत बसलेला. त्याआधीच्या पिढीकडून ऐकलंय की महाबळेश्वरचे बंगले पाऊस लागण्याआधी गवताने शाकारून चक्क मिटून ठेवत. मग "पावसाळी पर्यटन" हा शब्द आला. आज जुलैच्या रविवारी भुशी डॅमच्या रस्त्यावर गाडी अडकवून बसलेल्या कुणालाही विचारा. तिथला मधला हंगाम कुणी एकाने संपवला नाही. माझ्यासारख्याच, गर्दी नको म्हणून आलेल्या माणसांनी तो थोडा थोडा करून भरला. हे लिहून मी स्वतः त्यात भर घालतो आहे का? वाचणारी मंडळी एका मिनीबसमध्ये मावतील, तेव्हा चिंता नसावी.

वसंतातल्या फटीबद्दल तर माझं मत अधिकच कडक आहे. तेव्हा जाऊच नये. एप्रिल-मेमध्ये वाटा बर्फाच्या पाण्याने भिजून रव्याच्या शिऱ्यासारख्या झालेल्या असतात, चाकाचा चर पडतो, त्यातून पाणी वाहतं आणि उन्हाळ्यापर्यंत त्याची घळ होते. सावलीतल्या उतारांवर जूनपर्यंत बर्फ टिकतं. पहाटे काळे ग्राउज कोंबडे उघड्या जागी नाचायला जमतात, वर्षातून तेवढेच काही आठवडे. लोक म्हणतात, "ऑक्टोबर चालतो तर मे का नाही, बंद ते बंदच." मला हे म्हणणं शहरी वाटतं. शरदात जमीन कोरडी आणि घट्ट असते, वसंतात फुटलेली. नोव्हेंबरातही रात्री गोठून दिवसा वरचा थर सुटायला लागला की मी वाट सोडून गाडीरस्त्याने जातो.

या सगळ्याला एक उत्तर आहे आणि ते मला एका वेटरने दिलं. पोर्तुगालचा माणूस. तिथल्या हॉटेलांत पोर्तुगीज कामगार पुष्कळ. मी माझं हे तत्त्वज्ञान ऐकवल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "आणि त्या दोन महिन्यांचा पगार?" त्याचा करार हंगामापुरता. फट पडली की खोलीही सोडायची, कारण ती हॉटेलची. घरी मुलांना भेटता येतं हे खरं, पण विमानाचं भाडं त्याचं आणि परत बोलावतीलच याची खात्री नाही. लिफ्ट बारा महिने चालल्या तर तो खूष होईल. त्याला मी काय सांगणार? हरणं आणि नटक्रॅकर?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. हंगाम वाढवायचा की नाही हे त्याने, माझ्या घरमालकीणबाईंनी आणि खांबावरच्या त्या माणसाने मिळून ठरवावं. दोन दिवसांसाठी येणाऱ्याने त्यात आपल्या उताराची सोय घुसडू नये, एवढं मात्र मी म्हणेन. आणि त्यांनी वाढवायचं ठरवलं तर निदान बारमाही खोली आणि बारमाही करार आधी वाढवावेत, पाळणे नंतर.

यंदा मी ऑक्टोबराच्या शेवटच्या आठवड्यात जाणार आहे. हवा बरी असली तर फिलिझूरची वाट, नसली तर दरीतल्या रस्त्याने झेर्टिगपर्यंत जाऊन परत. पुढचे ब्रेकपॅड बदलायचे आहेत, थर्मासचं झाकण गळतं. कुणी सोबत येणार असेल तर आपली सायकल आपण आणावी, तिथे भाड्याने मिळणार नाही. आणि सकाळचा नाश्ता आदल्या दिवशी सहाच्या आत विकत घेऊन ठेवावा.